मोजणारी माणसं

रब्बीचे दिवस आले की बुलडाणा जिल्ह्यातल्या धामणगाव बढ्याच्या शिवारात रात्रीही माणसांचा वावर असतो. दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगराची काळी रेघ, तिथून खाली उतरत गेलेली कपाशीची, मक्याची, हरभऱ्याची वावरं, आणि मधूनच सरकत जाणारा एखाद्या बॅटरीचा उजेड. घरी कुणाची चौकशी केली तर उत्तर ठरलेलं असतं : "रातची लाईन हाय." म्हणजे शेतीची वीज आज रात्री आहे. तेवढ्यात सगळं आलं. घरातला कर्ता माणूस जेवून वावरात गेला आहे, हातात काठी आहे, आणि दांडातलं पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचेस्तोवर किंवा स्प्रिंकलरचे पाइप बदलून होईस्तोवर तो थंडीत उभा राहणार आहे. साप-विंचवाचं भय आहेच. बुलडाण्याकडच्या ज्ञानगंगा अभयारण्याच्या अंगाला गेलं तर अस्वलाचीही धास्ती. बायको घरात अर्धी जागी. पहाटे तो चिखलाच्या पायांनी परत येतो, चहा घेतो आणि दिवसाच्या कामाला लागतो.

आमच्या या पट्ट्याच्या पश्चिमेला भुसावळजवळ दीपनगरचं औष्णिक वीज केंद्र आहे आणि पूर्वेला अकोला जिल्ह्यात पारसचं. दोन मोठ्या केंद्रांच्या मधला हा मुलूख. तरीही आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, आठ-दहा तास, हेच शेतीच्या विजेचं वेळापत्रक वर्षानुवर्षं चालत आलं. हे कुणी ठरवलं, कोणत्या आकड्यांवरून ठरवलं, हा प्रश्न मला कॉलेजात असताना पडला आणि त्याने पाठ सोडली नाही. त्याच्याच मागे जात जात मी एका विद्यापीठातल्या ऊर्जा-धोरणावर काम करणाऱ्या गटात लागले. तिथे जी माणसं भेटली, त्यांच्याबद्दल मला सांगायचं आहे.

त्यांची पदं साधी असतात. प्रकल्प सहायक, संशोधन सहायक, फार तर संशोधन अधिकारी. कुणी इलेक्ट्रिकल इंजिनिअर, कुणी अर्थशास्त्राची एम.ए., कुणी समाजकार्य शिकलेला. टेबलावर वीज आयोगाच्या आदेशांची चळत, संगणकात फिडरनिहाय, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या एकेका वीजवाहिनीनुसार मांडलेले, आकड्यांचे तक्ते आणि खुर्चीच्या पाठीला अडकवलेली पिशवी. त्या पिशवीत क्लॅम्प मीटर, टेस्टर, मोजपट्टी, वही आणि पाण्याची बाटली. महिन्यातला बराच काळ ती पिशवी खांद्यावर असते. मंत्रालयात धोरणाच्या मसुद्यावर सही होते तेव्हा हे लोक तिथे नसतात. पण त्या मसुद्यात एखादा आकडा खरा असेल, तर बहुतेक वेळा तो यांच्यापैकी कुणीतरी उन्हात उभं राहून टिपलेला असतो.

अशी एक नोंद कशी होते ते जवळून पाहण्यासारखं आहे. शिवारातली डीपी घ्या. दोन खांबांवर ठेवलेला रोहित्राचा डबा, खाली गंजलेली पेटी, पेटीचं दार कधीचंच निखळलेलं. आत किटकॅट, म्हणजे फ्यूज बसवायचे धारक, असायला हवेत. तिथे फ्यूजच्या तारेऐवजी जाड तारेचे पीळ घातलेले दिसतात, कारण फ्यूज वारंवार उडतो आणि वायरमन एका गावाचा नसतो, अनेक गावांचा असतो. ६३ केव्हीएच्या डीपीवर ५ एचपीच्या दहा-बारा मोटारी नीट चालतात. वहीत मोजायला घेतलं की संख्या पुढे जाते, आणि ५ ची म्हणून नोंदलेली मोटार विहिरीत उतरून पाहिली तर साडेसातची निघते. मग डीपीपासून शेवटच्या विहिरीपर्यंत तारेखालून चालत जायचं. डीपीपाशी दोन फेजांमधला दाब ४१५ व्होल्टच्या आसपास असायला हवा. टोकाच्या वावरात तो ३५० च्या खाली गेलेला असतो. दाब घसरला की मोटार जास्त करंट ओढते, तापते आणि वाइंडिंग जळतं. रिवाइंडिंगचा खर्च शेतकऱ्याच्या अंगावर पडतो, आणि हा खर्च कोणत्याही वीजबिलात दिसत नाही.

त्यातच प्रत्येकाने स्टार्टरला ऑटो स्विच बसवलेला असतो. लाईन रात्री कधी येईल याचा नेम नाही, म्हणून माणूस तरी काय करणार? लाईन येते त्या क्षणी शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात. सुरू होताना मोटार नेहमीच्या कितीतरी पट करंट घेते, आणि तो सगळा भार एकाच वेळी त्या डब्यावर आदळतो. डीपी जाते ती अशी. एका काकांनी मला शांतपणे सांगितलं होतं, "डीपी जळली का आमी वर्गणी करतो, ट्रॅक्टर लावतो, मंग नवी येते. तवर हरभरा वाट पाहत नाही ना, पोरी." पीक हातचं जातं ते या चार-आठ दिवसांत.

यावर उपाय आहे, आणि तो महागडाही नाही. प्रत्येक मोटारीला योग्य मापाचा कपॅसिटर बसवला तर तारेतून वाहणारा करंट कमी होतो, दाब सुधारतो आणि डीपीवरचा ताण हलका होतो. पण एकट्याने बसवला तर त्याच्या मोटारीवर फारसा फरक पडत नाही. एका डीपीवरच्या सगळ्यांनी बसवला तरच गुण येतो. म्हणजे प्रश्न तारेचा आहे तितकाच एकोप्याचा. हे कळायला अभियांत्रिकीचं पुस्तक लागतं आणि पारावर बसण्याची तयारीही लागते. मुंबईच्या आयआयटीत १९८५ साली ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञानाचा अभ्यास करणारं केंद्र सुरू झालं. सितारा या नावाने ते ओळखलं जातं. तिथल्या एम.टेक.च्या विद्यार्थ्यांना गावात मुक्काम करून काम करावं लागतं, तो अभ्यासक्रमाचाच भाग आहे. पाणी, चूल, शेतीची वीज हे विषय तिथे प्रबंधाचे विषय होतात. देशातल्या नावाजलेल्या संस्थेत डीपीच्या पेटीवर प्रबंध लिहिला जातो, याचा मला आमच्या शिवारात उभं राहून अभिमान वाटतो.

महाराष्ट्राला या कामाची एक मोठी परंपरा आहे, आणि ती आपल्या मुलांना सांगितली जात नाही. आयआयटी मुंबईतून शिकून बाहेर पडलेले गिरीश संत, त्यांच्यासोबत शंतनू दीक्षित, आणि अमेरिकेत डेलावेअर विद्यापीठात ऊर्जा व पर्यावरण धोरणावर पीएच.डी. केलेले सुबोध वागळे, यांनी पुण्यात 'प्रयास' या संस्थेत ऊर्जेचं काम उभं केलं. डिसेंबर १९९३ मध्ये राज्य वीज मंडळाने एन्रॉनच्या दाभोळ कंपनीशी वीजखरेदीचा करार केला, तेव्हा राज्यभर घोषणा होत होत्या, मोर्चे निघत होते. या मंडळींनी वेगळी वाट धरली. कराराचं एकेक कलम वाचलं, गणित मांडलं आणि ही वीज मंडळाला परवडणारी नाही हे आकड्यांनिशी दाखवलं. मे २००१ मध्ये मंडळाने ती वीज घेणं थांबवलं. तोवर राज्याने त्या कराराची भारी किंमत मोजली होती. वागळे पुढे टाटा समाजविज्ञान संस्थेत आणि आयआयटीत शिकवू लागले, म्हणजे ते काम पुन्हा विद्यापीठात रुजलं. गिरीश संत २०१२ साली ऐन चाळिशीत गेले. त्यांच्या हाताखाली तयार झालेली माणसं आज देशभरच्या वीज आयोगांपुढे, विद्यापीठांत आणि अभ्यासगटांत उभी आहेत.

शेतकऱ्याच्या दृष्टीने त्याहून मोठं काम दुसरंच होतं. बहुतेक शेतीपंपांना मीटर नव्हते. एचपीवर बिल यायचं. मग शेतीने किती वीज वापरली हे ठरवायचं कसं? पंपांची संख्या, त्यांची अश्वशक्ती आणि गृहीत धरलेले तास, यांचा गुणाकार करून. तास वाढवले की शेतीचा वापर कागदावर फुगतो आणि चोरी नि गळती त्यात झाकली जाते. १९९९ साली राज्यात वीज नियामक आयोग आला, जाहीर सुनावण्या सुरू झाल्या, आणि अभ्यासकांनी हा गुणाकार उलगडून मांडला. १८ टक्क्यांच्या आसपास सांगितली जाणारी गळती ३० टक्क्यांच्या वर निघाली. वर्षानुवर्षं 'शेतकरी फुकट वीज पितो' हे शहरात ऐकू येत होतं. त्यातला मोठा भाग शेतकऱ्याने कधी वापरलेलाच नव्हता, हे तेव्हा कागदावर आलं. मोर्च्याने आवाज पोचतो, आणि त्याची गरज असतेच. पण माथ्यावरचा असा खोटा डाग पुसायला मोजणीच लागते.

विजेइतकीच, किंबहुना तिच्याहून जुनी, ऊर्जा आमच्या अंगणात रचलेली असते. पऱ्हाटी. कापसाची शेवटची वेचणी झाली की चिमट्याने झाडं उपटायची, वाळवायची आणि घराजवळ गंजी लावायची. वऱ्हाडातल्या कित्येक घरांत पुढच्या पावसाळ्यापर्यंतचं इंधन हेच. २०१६ नंतर उज्ज्वला योजनेचं सिलिंडर घरोघरी आलं, तरी चूल विझलेली नाही. चहा आणि पाहुण्यांचा स्वयंपाक गॅसवर, भाकर आणि आंघोळीचं पाणी चुलीवर, अशी वाटणी बायकांनी आपल्या हिशेबाने केलेली आहे.

हा हिशेब समजून घ्यायची पद्धत मला फार आवडते. सकाळी बाईसमोर पऱ्हाटी तोलायची, एवढ्यातूनच आज जाळा म्हणून सांगायचं, घरात किती माणसं जेवली ते लिहायचं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला उरलेली पुन्हा तोलायची. लाकडात ओल किती आहे तेही पाहायचं, कारण ओली काडी धूर जास्त देते आणि आच कमी. हे सगळं होईपर्यंत चुलीपाशी बसायचं. एका मावशींनी फुंकणी बाजूला ठेवून मला विचारलं, "आमची पऱ्हाटी मोजून तुले काय भेटते वं माय?" मी त्यांना पुरा गावाची गोष्ट सांगितली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक अमूल्य रेड्डी होते. रसायनशास्त्रातलं नामांकित काम बाजूला ठेवून त्यांनी १९७४ साली खेड्यांसाठी तंत्रज्ञानाचा एक गट तिथे उभा केला. त्या गटाने कर्नाटकातल्या सहा खेड्यांत घरोघर फिरून ऊर्जेची मोजदाद केली, त्यातलं एक पुरा. दिसलं असं, की खेड्यात खर्च होणाऱ्या ऊर्जेचा फार मोठा वाटा सरपणाचा, आणि ते सरपण जातं स्वयंपाकात. ते गोळा करणारे हात बायकांचे आणि पोरांचे. तोवर ऊर्जेचं नियोजन म्हणजे कोळसा, धरणं आणि मेगावॉट. रेड्डींच्या वह्यांनी त्यात चूल आणली, बाईचे कष्ट आणले. ऊर्जा किती निर्माण केली यापेक्षा तिने माणसाचं कोणतं काम हलकं केलं ते विचारा, हा विचार त्यांनी जगापुढे ठेवला. मावशी ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मंग लिही. धूरबी लिही."

धूर कसा लिहायचा, हे अकोल्याला शिकायला मिळतं. बुलडाणा जिल्हा ज्याच्या कार्यक्षेत्रात येतो त्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात अपारंपरिक ऊर्जा स्रोतांचा स्वतंत्र विभाग आहे. सुधारित चूल, सौर वाळवणी यंत्र, शेतातल्या काडीकचऱ्यापासून इंधन, हे त्या विभागाचे विषय. पऱ्हाटी हेक्टरी दोन ते तीन टन निघते. मुंबईची कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था, जी १९२४ पासून काम करते आहे, तिने पऱ्हाटीपासून फळ्या आणि इंधनाच्या कांड्या करून दाखवल्या आहेत. तरी अजून कितीतरी वावरांत ती बांधावर पेटवून दिली जाते. कारण ती वजनाला हलकी आणि जागेला भारी. ट्रॉली भरते पण वजन भरत नाही, वाहतुकीतच पैसा जातो. त्यात २०१७ पासून गुलाबी बोंडअळीचं संकट. अळी पऱ्हाटीत दडून पुढच्या हंगामापर्यंत तग धरते, म्हणून हंगाम संपला की पऱ्हाटी ठेवू नका असं कृषी खातं सांगतं. सांगणं बरोबर आहे. आणि चुलीला पऱ्हाटी हवी हेही खरं आहे. एका खात्याला कीड दिसते, दुसऱ्याला इंधन, तिसऱ्याला कांड्यांचा कारखाना. बाईची चूल, शेतकऱ्याचं वावर आणि कारखान्याचा काटा एकाच कागदावर मांडायचं काम कोणत्याच खात्याकडे दिलेलं नाही. ते विद्यापीठातल्या या माणसांकडे येतं.

असं ताडून पाहण्याचं काम इथे नवं नाही. हा संशोधकाचा मुलूख आहे, हे आपण विसरतो. मलकापूर तालुक्यातल्या नरवेलचे डॉ. वि. भि. कोलते महानुभाव पंथाच्या पोथ्यांचे मोठे अभ्यासक होते, पुढे नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू झाले. एकाच ग्रंथाच्या अनेक पोथ्या समोर ठेवायच्या, ओळीगणिक पाठ ताडून पाहायचे, कुठे लेखकाच्या हातून अक्षर सुटलं, कुठे कुणी मागाहून घातलं ते शोधायचं आणि मग मूळ वाचन ठरवायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. उपकेंद्राच्या नोंदवहीतला आकडा, वायरमनच्या तोंडचा आकडा आणि विहिरीवर मीटरने दाखवलेला आकडा समोर ठेवून खरं काय ते ठरवणारी मुलगी त्याच जातीचं काम करते, असं मला मनापासून वाटतं. मलकापूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला कोलत्यांचं नाव आहे, हे म्हणूनच मला फार योग्य वाटतं.

या कामाला फळ येतं, फक्त वेळ लागतो. गावठाणचा फिडर आणि शेतीचा फिडर वेगळे झाल्यावर अभ्यासकांनी एक साधी गोष्ट मांडली : शेतीला वीज हवी दिवसा, सूर्यही तळपतो दिवसा, मग उपकेंद्राजवळच सौर प्रकल्प उभारून तीच वीज शेतीच्या फिडरला का देऊ नये? २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, राळेगणसिद्धीपासून सुरुवातीची पावलं पडली, आणि २०२३ साली योजनेचा दुसरा, मोठा टप्पा सुरू झाला. ज्या गावांत हे प्रकल्प चालू झाले तिथे माणूस उजेडात पाणी देतो. रातची लाईन हा महाराष्ट्राच्या शेतकऱ्याचा भोग आहे असं मानणाऱ्यांना यातून उत्तर मिळालं आहे. तो भोग नव्हता, नियोजन होतं. म्हणूनच ते बदलता आलं.

पण प्रश्न संपत नाहीत. एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना पाच वर्षांसाठी मोफत वीज आहे. अडचणीतल्या शेतकऱ्याला तो मोठा आधार आहे. मात्र बिल नाही म्हणून रीडिंगही नाही असं झालं, तर पुन्हा त्याच जुन्या गुणाकाराकडे जाऊ, आणि पुन्हा खापर शेतकऱ्यावरच फुटेल. दिवसा भरपूर वीज आली की विहीर किती उपसली जाईल, हाही प्रश्न आहेच. आमच्या काळ्या खडकात पाणी फटींमध्ये साठतं, फार साठत नाही. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात बुलडाण्यासह १५ जिल्ह्यांतल्या पाच हजारांहून अधिक गावांसाठी पाण्याचा ताळेबंद मांडायचं तंत्र आयआयटी मुंबईने तयार करून दिलं. पाऊस किती, मुरला किती, पिकांनी प्यायलं किती. पाण्याचा हा ताळेबंद आणि विजेचा हिशेब अजून वेगवेगळ्या कपाटांत आहेत. ते एकत्र यायला हवेत. उद्या वैनगंगेचं पाणी ४०० किलोमीटरहून लांबच्या कालव्याने आमच्या नळगंगा धरणापर्यंत आणायचं म्हणतात. ते वाटेत उचलायला वीज किती लागेल आणि तिचे पैसे कोण भरेल, हेही कुणीतरी आजच मोजून ठेवलं पाहिजे.

हे मोजणारा माणूस मात्र बहुतेक ठिकाणी अकरा महिन्यांच्या करारावर असतो. प्रकल्प संपला की जागा संपते. तीन वर्षांत ज्याला एका तालुक्याचे फिडर तोंडपाठ झाले, गावातल्या माणसांनी ज्याला खरं सांगायला सुरुवात केली, तो नेमका त्याच वेळी दुसरी नोकरी शोधायला लागतो. नवा येतो आणि पहिल्या डीपीपासून सुरुवात करतो. माझी आई प्रत्येक दिवाळीला विचारते, "आता तरी पर्मनंट केलं का?" तिच्या प्रश्नामागे काळजी आहे, आणि तो प्रश्न फक्त माझ्या संसाराचा नाही. कारखान्यातलं यंत्र बंद पडलं तर दुसरं आणता येतं. माणसाच्या ओळखीतून आणि विश्वासातून जमा झालेलं ज्ञान असं आणता येत नाही. वीजनिर्मितीवर हजारो कोटी खर्च करणाऱ्या राज्याला अशा काही कायम जागा परवडत नाहीत, हे मला पटत नाही.

त्यासाठी प्रत्येक वेळी मुंबई-पुण्याकडेच पाहायला नको. २०१६ साली राज्याने उन्नत महाराष्ट्र अभियान सुरू केलं, ते याच विचाराने : जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी जिल्ह्याचेच प्रश्न अभ्यासाला घ्यावेत. शेगावला, मलकापूरला अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत, अकोल्याला कृषी विद्यापीठ आहे, अमरावतीला विद्यापीठ आहे. या संस्थांनी आमच्या मोताळा तालुक्याचा प्रत्येक शेती फिडर आपल्या विद्यार्थ्यांना वाटून द्यावा, दरवर्षी त्याची मोजणी करून घ्यावी आणि ती ग्रामसभेत वाचून दाखवावी. ऊर्जा आणि तंत्रज्ञानाच्या धोरणावर काम करणाऱ्या संशोधकांसाठी निदान दोन-चार कायम जागा विदर्भातल्या विद्यापीठांत निघाव्यात. ही मागणी आमदारांकडे, विद्यापीठाच्या सभांमध्ये, जिथे संधी मिळेल तिथे आपणच करायला हवी.

आणि धामणगाव बढ्यातल्या, आसपासच्या गावांतल्या माझ्या माणसांना एवढंच सांगणं आहे : वही आणि मीटर घेऊन कुणी पोरगं-पोरगी बांधावर आली, तर त्यांना तासभर द्या. मोटार किती एचपीची ते खरं सांगा, डीपी किती वेळा जळली ते तारखेनिशी सांगा, चुलीत काय जळतं ते दाखवा. आपण सांगितलं नाही तर आपल्या वतीने कुणीतरी अंदाज बांधतो, आणि त्या अंदाजावर आपल्या रात्री ठरतात.